मूळ कारणाचा रकाना

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, इथल्या मराठी मंडळातल्या कुणाला नाही. आज तुम्हाला सांगतोय, कारण — नको. कारणं देण्यात मी फार हुशार आहे, तेव्हा ते राहू दे.

रामिरो इथे आखातात, सखीरजवळच्या आमच्या वर्कशॉपमध्ये वेल्डिंग इन्स्पेक्टर होता. मेक्सिकोचा. मी क्वालिटी इंजिनिअर, मूळचा साताऱ्याचा, राहायला गुदैबियात. दर नोव्हेंबरात, त्यांच्या क्रांतिदिनाला, तो पणजोबांचा चामडी पट्टा छातीवर आडवा बांधून कामावर यायचा. काडतुसांच्या जागी वेल्डिंग रॉडचे उरलेले तुकडे खोचलेले, ओठावर काजळीची मिशी. त्यांच्या गावी शाळेतली मुलं त्या दिवशी अशीच नटतात म्हणे.

मला असल्या गोष्टींचं हसू येतं. झेंडे, संचलनं, जयघोष — यांवर मी पुष्कळ वाचलंय आणि त्याहून जास्त टिंगल केलीय. रामिरोचे पणजोबा जमिनीसाठी लढले आणि क्रांतीतल्याच दुसऱ्या गटानं त्यांना चर्चच्या भिंतीशी उभं करून गोळ्या घातल्या. "म्हणजे क्रांती जिंकली, पणजोबा तेवढे हरले," मी म्हणायचो. पुढे त्याच क्रांतीच्या नावानं एकच पक्ष पिढ्यान्‌पिढ्या खुर्चीला चिकटला, हेही ऐकवायचो. त्याला ते माहीत नव्हतं का? तो शांतपणे म्हणायचा, "पट्टा त्यासाठीच बांधतो, इंजिनिअर. गोळी कुणाची होती ते विसरायला नको."

हे माझ्यापेक्षा शहाणं उत्तर होतं. तेच खुपत होतं का मला? असेल.

अशाच एका क्रांतिदिनी सकाळच्या चहाला वेल्डिंग बूथमध्ये आम्ही तिघंच होतो — मी, रामिरो आणि स्टोअर सांभाळणारे अन्वरभाई, रत्नागिरीचे. त्याच वर्षी महाराष्ट्र दिनाला मंडळात मी भाषण केलं होतं. फेटा बांधून — हो, मीच. शेवटी तलवार उपसायची होती. ती भाड्याची, म्यानात गंजून बसलेली. दोनदा ओढली, मग म्यानासकट उंचावली. तरीही भाषणातला शब्दन्‌शब्द मला खरा वाटत होता, हे कुणाला कळलं नसेल. रामिरो पाहुणा म्हणून पहिल्या रांगेत होता.

तर त्या चहाला मी पुन्हा त्याच्या पणजोबांवर घसरलो. तो हसून म्हणाला, "माझ्या पट्ट्यात गोळ्या नाहीत, कबूल. पण तुझी तलवार तर बाहेरच येत नव्हती, भाऊ!"

अन्वरभाई खो खो हसले. "मला तर वाटला, हे म्यानानंच मारतायत काय!"

चिपिंग हॅमर हाताशी होता — वेल्डिंगवरची खपली फोडायचा, एका बाजूनं टोकदार. मी तो रामिरोच्या जबड्यावर घातला. हाड मोडलेलं ऐकू आलं. मग कानावर घातला. दुसरा घाव कशाला? पहिल्यानंतर थांबता आलं असतं. पडताना त्यानं माझा शर्ट धरला आणि दोन बटणं तुटली. रॉडचे तुकडे त्याच्या रक्तातून घरंगळत गेले. तो त्या तुकड्यांवर पालथा पडला होता, आणि मी त्याच्या बरगडीत लाथ घातली.

ती दोन बटणं माझा पुरावा झाली.

अन्वरभाईंना मी म्हणालो, "तुम्ही स्टोअरमध्ये होतात." त्यांच्या जावयाचा व्हिसा माझ्या शिफारशीवर अडकला होता. त्यांनी खाली बघत म्हटलं, "मी काय बघितला नाय."

वर्कशॉपच्या साहेबांनी जबाब माझ्याकडूनच लिहून घेतला आणि तोच अहवालात लावला. रामिरोला कोण विचारणार? जबडा तारांनी बांधलेला होता. आमच्या अहवालात मूळ कारणाचा रकाना असतो. 'का' असं पाच वेळा विचारत त्याच्यापर्यंत पोचायचं, हीच माझी विद्या. मी एकदाही विचारलं नाही. लिहिलं — त्यानं अंगावर झेप घेतली, मी जीव वाचवला. मूळ कारण : राष्ट्रीय सणाचा उन्माद, रक्तातच असलेली हिंसा. सोबत पट्ट्याचा फोटो.

कुणीही शंका घेतली नाही. मेक्सिकन, मिशी, काडतुसांचा पट्टा — आणखी काय हवं होतं? ज्या चित्रांना मी आयुष्यभर हसलो, त्यांतलंच सगळ्यांत स्वस्त चित्र मी त्यांच्यापुढे धरलं. कंपनीनं प्रकरण बाहेर जाऊ दिलं नाही. रामिरोला नोकरीवरून काढून विमानात बसवलं. डावा कान कायमचा गेला होता. खलास.

नव्या इंजिनिअरांना तो रकाना कसा भरायचा, हे आता मीच शिकवतो. मंडळात भाषणही करतो.

आणि एक राहिलं. झेप घेतली, असं मी लिहिलं ना? मी हातोडा उचलला तेव्हा तो माझ्याकडे बघतही नव्हता. चेष्टा झाली, संपली — आणि तो वाकून थर्मासमधून माझ्या कपात चहा ओतत होता.