चेतना मॅडमचा खंडाचा दिवस

नाव : श्रीमती चेतना नवनीत पाटील. पद : इंग्रजी शिक्षिका (कंत्राटी), खांडबाऱ्याचे एक खासगी कनिष्ठ महाविद्यालय. एकूण नेमणुका : सात. प्रत्येक नेमणुकीचा कालावधी : अकरा महिने. दोन नेमणुकांमधील अंतर : एक दिवस. वर्तणूक : चांगली. सलग सेवा : निरंक.

या एका दिवसाला कार्यालयात तांत्रिक खंड म्हणतात. माणूस सलग कामावर दिसला की कायम होण्याची भाषा करू लागतो. म्हणून दर अकरा महिन्यांनी त्याला एका दिवसापुरतं कागदावरून पुसायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहायचं. ही युक्ती ज्याला सुचली, तो घरी देवाला रोज ताजी फुलं वाहत असणार.

यंदा धडगावच्या एका निवासी शाळेत कायम जागा निघाली. अट : किमान दोन वर्षे सलग अध्यापन. साडेसहा वर्षं शिकवून चेतना मॅडमकडे सलग दोन वर्षं नव्हती. वयाच्या अटीत बसण्याचं हे शेवटचं वर्ष.

खंडाचा दिवस दर वेळी महिनाभर मागे सरकत असतो. यंदा तो डिसेंबरात आला, आणि नेमकी त्याच दिवशी तपासणी लागली. सकाळी सातला प्राचार्या वत्सलाबाईंचा फोन आला.

"चेतनाताई, आज तुम्ही नाहीच आहात. पण जरा लवकर या."

तपासणीचे साहेब शाल, नारळ आणि दोन बशा पोहे स्वीकारून अकरावी ब च्या शेवटच्या बाकावर बसले. मोबाइल त्यांनी मांडीवर ठेवला होता, म्हणजे दिसू नये म्हणून नव्हे, हात दुखू नये म्हणून.

पाठ होता इंग्रजीतल्या दोन वाक्यांचा : 'आय हॅव पिक्ड' आणि 'आय हॅव बीन पिकिंग'. मराठीत दुसऱ्याला वेगळं रूपच नाही, आणि या वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरी मराठीही नाही. मॅडमनी फळा सोडून भूमिका वळवीला उभं केलं. सुट्टीत ती कापूस वेचायला जाते.

"सकाळपासून शेतात आहेस. मी बांधावरून विचारते, काय चाललंय. काय सांगशील?"

"वेचतेय सकाळपासून. कंबर गेली."

"आणि विचारलं, किती झालं?"

"तीन ओळी झाल्या."

"किती झालं हे सांगायचं, तिथे 'हॅव पिक्ड'. अजून त्यातच आहेस, नाहीतर आत्ताच उठलीस आणि कंबर दुखतेय, तिथे 'हॅव बीन पिकिंग'."

मागून कुणीतरी विचारलं, "मॅडम, मुकादमाला कोणतं सांगायचं?"

"पहिलं. त्याला तुझी कंबर नको, ओळी हव्यात."

वर्ग हसला. साहेबांनीही मान वर केली आणि उरलेला तास, कसं कोण जाणे, ऐकला. शेरेबहीत त्यांनी लिहिलं : 'अकरावी ब, इंग्रजी. विद्यार्थी घरची उदाहरणे देतात. पाठ अत्यंत परिणामकारक.' खाली सही, तारीख. शिक्षकाच्या नावाचा रकाना कोरा होता.

"बाईंचं नाव काय?"

"मी भरतो ना साहेब," कार्यालयातले नवल भाऊसाहेब म्हणाले. "आपण जेवायला चला."

मॅडमच्या डोक्यात गोष्ट घरी पोहोचेपर्यंत स्पष्ट झाली. ज्या दिवशी त्या कामावर नव्हत्या, त्या दिवशी त्यांनी शिकवल्याचं खुद्द सरकारी सहीने लिहिलेलं होतं. हा एक खंड खोटा ठरला की मागचे खंडही कागदापुरतेच ठरतात आणि सातही नेमणुका जोडल्या जातात. साडेसहा वर्षं सलग होतात. अट तर दोनच वर्षांची होती. चौथ्या दिवशी त्यांनी त्या पानाची साक्षांकित प्रत मागितली.

प्रत लगेच मिळाली. शिक्षकाच्या नावाच्या रकान्यात पवन सरांचं नाव होतं. पवन सर खो-खो शिकवतात. ते कायम आहेत.

"भाऊसाहेब, हे काय?"

"मॅडम, सदर दिनांकास आपण कार्यमुक्त होता. पवन सर हजेरीपटावर हजर होते. कायम शिक्षकाचंच नाव घालता येतं."

"पाठ मी घेतला. तुम्ही दारात उभे होतात."

भाऊसाहेबांनी आवाज खाली घेतला. नकार ते प्रमाण मराठीत देतात आणि सांत्वन अहिराणीत. "मन्हा हातमा काय शे, ताई?"

"तुम्हना हातमा पेन शे, भाऊसाहेब."

भाऊसाहेबांनी पेनाकडे पाहिलं, टोपण लावलं आणि चहा सांगितला. मॅडमनी तो घेतला नाही.

वत्सलाबाई म्हणाल्या, संस्थेचं नाव झालं, यातच आपण आनंद मानावा. साठ मुलांनी तास पाहिला होता; पण साठ मुलांना साक्षांकित करता येत नाही. मॅडमनी अकरा-अकरा महिन्यांचे सात दाखले जोडून अर्ज पाठवला. उत्तर तीन आठवड्यांत आलं : सलग अनुभवाअभावी अपात्र.

प्रजासत्ताक दिनी इंग्रजीच्या परिणामकारक अध्यापनाबद्दल पवन सरांना प्रशस्तिपत्र देण्यात आलं. सूत्रसंचालन करायला कुणी नव्हतं, म्हणून ते चेतना मॅडमनी केलं. प्रशस्तिपत्रावरचा मजकूर त्यांनाच वाचावा लागला आणि त्यांनी तो एकही शब्द न गाळता वाचला : सर वर्गात तळमळीने शिकवतात, विद्यार्थ्यांच्या जगण्यातून उदाहरणे घेतात, त्यांची निष्ठा अनुकरणीय आहे. सरांनी शाल घेतली, मॅडमकडे न बघता.

तपासणीच्या दिवशी पवन सर सकाळपासून सारंगखेड्याच्या यात्रेत घोडे बघत होते.