जाळ्यातली लेकरं

प्राणिशास्त्रात मी दोनदा नापास झालो आहे. म्हणजे तो विषय मी इतरांपेक्षा दोन वर्षं जास्त शिकलो आहे.

तेव्हा तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम चालू होतं. दाजी तिथे फिटर. नोकरी लागेपर्यंत म्हणून मी साताऱ्याहून तिथल्या पाम गावी त्यांच्या भाड्याच्या घरी आलो, तो सात महिने तिथेच! (नोकरी शोधायला अंगात आधी बळ नको?)

एकदा पडवीत, ऐन दारासमोर, बैलगाडीच्या चाकाएवढं जाळं उगवलं. मधोमध तळहाताएवढी काळी-पिवळी कोळ्याची मादी, आणि कडेकडेने चांदीच्या मण्यांसारखे सात-आठ चिमुकले कोळी. ताईने केरसुणी उचलली.

"थांब!" मी ओरडलो. "लेकुरवाळी आहे ती. तिची पोरं आहेत!"

ताईला स्वतःलाच सातवा महिना. झालं! केरसुणी खाली.

"लेकुरवाळीचं घर मोडायचं नाही. सगळ्यांनी वाकून जायचं!" ताईने फर्मान काढलं.

आठ दिवस दाजी वाकून कामावर गेले. नवव्या दिवशी त्यांची कंबर धरली. तरी मी बजावतोच आहे, "दाजी, अजून जरा खाली!"

त्याच दाजींनी माझ्या नोकरीसाठी साहेबांना चहाला बोलावलं. साहेब ताठ माणूस, ते कशाला वाकतायत? जाळं चष्म्यावर, मादी थेट टोपीवर!

"साहेब, हलू नका! पोरं चिरडतील!" हे मी. (नोकरीचा उमेदवार!)

गलका ऐकून घरमालकीण जानकीकाकी धावल्या. त्यांनी टोपी झटकली नि चष्म्यावरचा एक चांदीचा मणी बोटावर घेतला.

"कसली पोरां? आय काली-पिवली नि पोरां चांदीची? इतकी वर्सं बघते, ही वाढतच नाय. जालं दुसरीचं, शिकार दुसरीची. ही फुकटी आपली कडेला बसून खातात!"

साहेबांनी चष्मा पुसला. माझ्याकडे बघितलं.

"आणि हे कोण?"

"मेहुणा," कमरेवर हात ठेवून दाजी म्हणाले. "सात महिने झाले."

कोणी हसलं नाही, हेच वाईट. साहेबांसाठी तळलेल्या भज्यांतलं सहावं भजं माझ्या तोंडात होतं. ते गिळताही येईना, थुंकताही येईना.

साहेब गेले. जाळं त्यांच्याबरोबरच गेलं होतं. तरी ताईने केरसुणी हातात घेतलीच.

दुसऱ्या दिवशी मी बोईसरहून पहिली गाडी धरली. ताईशी नजर मिळवायची छाती झाली नाही.

(उरलेली भजी तेवढी बांधून घेतली. स्वभावाला औषध नाही!)