डेल्बर्टनं नाकारलेला सिनेमा

टीव्हीवरच्या मालिकेचा दिग्दर्शक म्हणजे आठवड्याचा पाहुणा. नट घरचे, कॅमेरावाला घरचा, कॉफी देणारासुद्धा घरचा. हा सोमवारी यायचा, एक भाग उरकायचा आणि पुढच्या सोमवारी दुसऱ्याच्या दारात. डेल्बर्ट हॉइटनं बरबँकच्या स्टुडिओंतून पंचवीस वर्षं असा पाहुणचार झोडला. आज पोलीस, उद्या डॉक्टर, परवा बोलणारं कुत्रं. त्या कुत्र्याबद्दल तो रंगात येऊन सांगायचा, की सगळ्या नटमंडळींत आपलं ऐकणारं तेवढं एकच.

पण त्याचा जीव अडकला होता एका सिनेमात. तिशीत असताना नेब्रास्कातल्या आपल्या गावी जाऊन त्यानं तो काढला होता. एकाच पेट्रोल पंपावर राबणारे, अबोला धरलेले दोन भाऊ. डेल्बर्टच्या मनातल्या सिनेमात ते शेवटपर्यंत एकमेकांशी बोलत नव्हते. निर्मात्याला हे पटलं नाही. चित्रीकरण चालू असताना एकदा दोघा नटांना हसू फुटलं होतं. तो वाया गेलेला तुकडा निर्मात्यानं परस्पर शेवटी चिकटवला, आणि झाला भावांचा समेट!

डेल्बर्टच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दिग्दर्शकांच्या संघटनेत तेव्हा एक सोय होती. सिनेमा आपल्या हातचा गेला असं वाटलं, तर नाव काढून टोपणनाव लावून घेता येई. त्यानं रागाच्या भरात ते लावून घेतलं. गावच्या थिएटरात त्याची आई नवी टोपी घालून पहिल्या रांगेत बसली होती. पडद्यावर परक्याचं नाव आलं, तशी ती शेजारणीला म्हणाली, आपण चुकीच्या सिनेमाला आलोय गं. आईची समजूत त्यानं कशीबशी काढली. स्वतःची काही काढता आली नाही. पुढं त्याला दुसरा सिनेमा कुणी दिलाच नाही.

साठी उलटल्यावर एका रविवारी त्याच्या बायकोनं, लोर्नानं, पेपरात जाहिरात पाहिली. पॅसडीनातल्या एका छोट्या थिएटरात दुपारी तोच सिनेमा. दोघं जाऊन मागं बसले. सगळी तरणी पोरं. हसायच्या जागी हसत होती, गप्प व्हायच्या जागी गप्प. डेल्बर्टचे ओठ संवादांबरोबर हलत होते. शेवटी भाऊ खदखदून हसले, आणि अंधारात जिकडंतिकडं नाकं ओढल्याचे आवाज आले.

दिवे लागल्यावर थिएटरवाली बाई पुढं आली. पडद्यावरचं नाव खोटं, खरा दिग्दर्शक कोण, कुठं गेला, कुणालाच ठाऊक नाही, असं सांगून तिनं विचारलं, तुमच्यापैकी कुणाला माहीत आहे का.

लोर्नानं कोपरानं ढोसलं. "ऊठ की. ह्याचसाठी झुरलास ना इतकी वर्षं?"

तो अर्धा उठलाही. तेवढ्यात पुढची मुलगी डोळे पुसत सोबत्याला म्हणाली, "शेवटचं ते हसणं... ते ज्याला सुचलं ना, तो माणूस भेटायला हवा रे."

डेल्बर्ट खाली बसला.

"काय झालं?"

"तिला भेटायचाय तो मी नव्हे."

"अरे, मग बाकीचा दीड तास कुणाच्या बापाचा?"

"माझाच. पण रडली ती त्या तुकड्याला."

गाडीत बसल्यावर लोर्नानं किल्ली फिरवली नाही. डेल्बर्ट हळूहळू आपल्या मनातला शेवट सांगू लागला. रात्र झालेली असते. धाकटा पंपावरचे दिवे मालवतो. थोरला खुंटीवरचा धाकट्याचा कोट काढून पुढं धरतो. धाकटा एक बाही घालतो, दुसरी सापडत नाही. थोरला तसाच धरून उभा.

लोर्नानं हे शंभरदा ऐकलं होतं.

"मग?" तिनं विचारलं.