तीन वाक्यांचा नट

लोणावळ्यात आमच्या शेजारी एक अमेरिकन नट योग शिकायला राहिला होता. तिकडे नाटकांत, टेलिव्हिजनवर त्याला कायम चिमुकलीच कामं मिळत. आता पत्रानं पुन्हा तीनच वाक्यांचं काम आलं होतं. जावं की नटगिरीच सोडावी, त्याचं ठरेना. तरी रोज व्हरांड्यात तो ती वाक्यं नव्या तऱ्हेनं म्हणून बघे. आणि मॅट्रिकला इंग्रजीत काठावर सुटलेली मी बया त्याचे उच्चार सुधारायचे. तो निमूट ऐके.

एका सकाळी डोंगरवाडीच्या दूधवाल्या मावशी त्याचं ऐकत पायरीवरच थांबल्या. मला म्हणाल्या, "लेक सासरी धाडली का काय गं ह्यानं?"

वाक्यं लेकीला निरोप देणाऱ्या बापाचीच होती. मी मावशींचं बोलणं त्याला इंग्रजीत सांगितलं. त्यानं त्यांना वाकून नमस्कार केला आणि दुपारीच परतीचं तिकीट काढलं.