गोळी लागली नव्हती

मे महिन्यात लखनौचं ऊन सकाळीच अंगावर येतं. अशा वेळी वृंदावन योजना या वसाहतीतल्या आपल्या गच्चीवर सुभेदार मामा उघड्या अंगानं झाडांना पाणी घालत. "सदरा सरकारी. रिटायर झालो, जमा केला," म्हणत. ऑपरेशननंतर तरी ते बनियन घालतील, असं मामीला वाटलं होतं. नाही घातला. डावी छाती सपाट झाली होती आणि मधोमधपासून काखेपर्यंत एक तिरकी शिवण गेली होती. तीच शिवण घेऊन मामा मोगऱ्याला पाणी घालत होते.

शेजारच्या गच्चीवरून तिवारीजींनी आदरानं विचारलं, "फौजी साहब, ये गोली कहाँ खाई आपने?"

"गोली नहीं, तिवारीजी. ब्रेस्ट कैंसर."

"अरे, वो तो औरतों को…"

"मर्दों को भी होता है. कम होता है, पर होता है. आपके घर में किसी को था? अम्मा, बहन?"

तिवारीजी घाईघाईनं खाली गेले. दुसऱ्या दिवशी कठड्याशी येऊन हळूच म्हणाले, "मौसी को था."

"तो छाती पर हाथ फेरकर देखते रहिए. गाँठ लगे तो सीधे डॉक्टर. पाउडर मत लगाइएगा, मेरी तरह."

मी तिथंच उभा होतो. मला लाज वाटली. "मामा, गोळी म्हणाला असता तर काय बिघडलं असतं?"

त्यांनी पाइप खाली ठेवला. "ज्यांना खरंच लागली, ती पोरं माझ्या शेजारच्या खाटेवर झोपायची. त्यांची जखम मी चोरू व्हय रं?"

पावडरची गोष्ट खरी होती. त्यांचं स्तनाग्र आत ओढलं गेलं, तेव्हा घामोळं समजून ते पावडर लावत बसले. त्यांच्या आईला हा आजार झाला होता, पुढे माझ्या आईला. पण दोन्ही वेळा आम्हा पुरुषांना खोलीबाहेर बसवलं होतं. आम्ही चहा आणायचा, रिक्षा बोलवायची, बायकांच्या दुखण्यात डोकवायचं नाही. आई आणि बहीण दोघींना होता, हे ऐकल्यावर डॉक्टरांनी लिहायचं थांबून मामांकडे पाहिलं. मामा मला म्हणाले, "तवा कळलं बघ. आपण भायेर बसलो होतो, आजार नव्हता बसला."

इंदिरा नगरातल्या आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीची पूजा दरवर्षी मामाच करत. त्या वर्षी लोक त्यांची चौकशी करू लागले, तेव्हा मी परस्पर सांगून टाकलं, "बायपास झालीय." खरं सांगायला माझी जीभ रेटली नाही. मामा सोवळं नेसून आले, उपरणं बाजूला ठेवून पाटावर बसले. कुणीतरी म्हणालं, "सुभेदार, हृदयाला जपा हो."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. "भाचा बँकेत आहे, कधीकधी चुकीची एंट्री करतो. मला स्तनाचा कॅन्सर झाला होता." त्यांनी निरांजन पेटवलं. "गणपतीला चालतंय. त्याचं तर मुंडकंच बदललंय. चला, आरती घ्या."

मी घंटा वाजवत राहिलो. मान वर करायचं धाडस झालं नाही.

मामांच्या रक्ततपासणीत घराण्यातून उतरणारा जनुकातला दोष सापडला. तो माझ्या आईतही असू शकत होता, तिच्याकडून माझ्यात आलेला असू शकत होता. डॉक्टर म्हणाले, भाच्यानंही तपासून घ्यावं. मी म्हणालो, घेतो, मार्च एंड होऊ दे. मग ऑडिट आलं, मग बदलीची बोलणी.

"तुझ्या बँकेत बाराही महिने मार्चच असतो का रं?"

खरं कारण मार्च नव्हतं. माझी मुक्ता कॉलेजात आहे. माझ्यात दोष निघाला तर तो मी तिलाही दिलेला असू शकतो, हे मला कळून घ्यायचं नव्हतं. एकदा मामांना तसं बोललो. ते म्हणाले, "कळून घेतलं न्हाई म्हणून दिलेलं माघारी येत न्हाई. तिला कळलं तर ती लढंल तरी."

पुढे आजार हाडांत उतरला. अंथरुणावरही मामी शाल ओढायची आणि मामा ती ढकलून द्यायचे. शेवटी भेटलो तेव्हा आवाज खोल गेला होता. "मार्च संपला का?"

"संपतोय, मामा."

मी पुन्हा चुकीची एंट्री केली होती, आणि ते त्यांना कळलं होतं. नुसते हसले. त्याच आठवड्यात ते गेले.

त्यांचं दिवसकार्य उरकल्यावर मी मुक्ताला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "पापा, इतने दिन क्यों लगाए? चलो, मैं भी चलती हूँ."

दवाखान्याच्या त्या भागात सगळ्या बायकाच होत्या. काउंटरवरचा भैया मुक्ताकडे बोट करून म्हणाला, "मैडम अंदर बैठें. आप बाहर बैठिए, भाई साहब, ये लेडीज़ का है."

बाहेर रिकामी खुर्ची होती. पाय सवयीनं तिकडे वळले.

"पापा," मुक्ता म्हणाली.

मी परत फिरलो. आवाज जरा मोठाच निघाला. "पेशेंट मैं हूँ. नानी को था, माँ को था, मामा को भी था."

बायकांनी वळून पाहिलं. एका म्हातारीनं बुरखा आवरून बाकावर जागा केली. मी तिच्या शेजारी आत बसलो.