पैसे गेले, बाई नाही गेली

माझं शिक्षण चौथीपर्यंत. अक्षर वाकडं आहे, ऱ्हस्व-दीर्घही चुकतं. त्याची माफी मागते, पण एकदाच. एका चुकीची दोनदा माफी मागितलेली वच्छलाकाकूंना चालत नसे.

काकू आमच्या मागच्या गल्लीत राहायच्या. रोज संध्याकाळी विहारात डोळे मिटून बसायच्या आणि मोठ्यानं म्हणायच्या, "वच्छला सुखी होवो." मग लेकरं, शेजारीपाजारी, शेवटी वैरी. बाया हसायच्या. काकू म्हणायच्या, "सगळे प्राणी सुखी होवोत म्हणतो ना आपण? मंग मी काय प्राण्यात येत नाई?"

बचत गटाचे बारा हजार बँकेत भरायची पाळी माझी होती. हिंगणघाटच्या बसमध्ये कोणीतरी माझी पिशवी कापली. गटात ठरलं, महिन्याला पाचशे मी भरायचे. ते बरोबरच होतं. पण मी माझ्या मनानं आणखी शिक्षा घेतली. चहा सोडला, भाजी सोडली, दिवसातून एकच वेळ जेवू लागले.

दोन महिन्यांनी कापूस वेचताना चक्कर येऊन पडले. शेजारच्या ओळीत वेचणाऱ्या काकूंनी मला धुऱ्यावर, शेताच्या बांधावर बसवलं आणि आपला डबा पुढं सरकवला. भाकर आणि वांग्याची भाजी.

"नको काकू. चूक माझी आहे."

"आहे ना. मंग पैसे भर. उपाशी राहून बारा हजार येत असते, तर मीच तुले उपाशी ठेवलं असतं."

मागून गटातलीच एक बाई म्हणाली, "गटाचे पैसे घालवले, अन् वरून लाड."

"पैसे गेले, बाई नाई गेली," काकू तिच्याकडं न पाहताच बोलल्या. मग मला म्हणाल्या, "तुया लेकीनं हरवले असते तर तिले जेवू नसतं घातलं काय?"

"घातलं असतं."

"मंग सोताचीच सावत्र माय काऊन झाली तू? खाय."

सगळ्यांच्या देखत मी खाल्लं. सावकाश, पोटभर. पुढं हप्ता एकही चुकवला नाही आणि जेवणही नाही. काकूंजवळ विहारात बसू लागले, पण स्वतःचं नाव घ्यायला जीभ वळत नव्हती. "मनात म्हन," त्या म्हणायच्या. "तुले आयकू आलं म्हंजे झालं."

काकू मागच्या वैशाखात गेल्या. त्यांच्या पुण्यानुमोदनाला मी माझं नाव मोठ्यानं घेतलं.

गेल्या महिन्यात गटाच्या बैठकीत शेवटचे पाचशे ठेवले. तीच बाई म्हणाली, "चला, आता तरी सुखानं जेवशील."

मी बैठकीत कधी बोलत नाही. त्या दिवशी बोलले. "मी दोन वर्षांपासून सुखानंच जेवून राह्यली."

मग वहीत 'पूर्ण परतफेड' लिहून घेतलं, आणि तेव्हाच उठले.