मधला खांब

आधी मोटारींची जागा आखून मग वर माणसांची जागा बसवायची, असा उलटा नकाशा सांगलीच्या पेठेत माझ्याआधी कुणी काढला असेल असं मला वाटत नाही. तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो आणि मला त्याचा अभिमान वाटला होता. तो साधारण चार महिने टिकला.

दुसरी लढाई संपून वर्ष-सव्वा वर्ष झालं असेल. मी मूळचा साताऱ्याचा. पुण्याला ओव्हरसियरचं शिक्षण करून सांगलीला एका निवृत्त इंजिनिअरांच्या हाताखाली लागलो होतो. त्यांना सगळे साहेब म्हणत. साहेबांची नजर कमी होत चालली होती. नकाशे मी काढायचे, आकडेमोड मी करायची आणि त्यांनी भिंग धरून वरवर पाहून सही करायची, असं आमचं चाललेलं. माझं नुकतंच लग्न झालं होतं. गावभागात दोन खोल्या घेऊन आम्ही दोघं राहत होतो.

इमारत ज्यांची, ते प्रवासी वाहणाऱ्या सर्व्हिस मोटारींचे मालक. माण तालुक्याकडच्या एका कोरड्या गावातला हा माणूस पहिल्या लढाईत लष्करात लॉरी चालवून आलेला. परत आल्यावर एका जुन्या गाडीवर त्यांनी सांगली-इस्लामपूर धंदा सुरू केला आणि आता त्यांच्या सहा गाड्या होत्या. दुसऱ्या लढाईत पेट्रोल मिळेनासं झालं, तेव्हा गाडीच्या पाठीला कोळशाची भट्टी बसवून त्यांनी फेऱ्या चालू ठेवल्या होत्या. कुणी एखादी गोष्ट होणार नाही म्हटलं की ती करूनच दाखवायची, असा स्वभाव.

पेठेत त्यांनी जागा घेतली. तिथं त्यांना तळाला सहा गाड्या आणि वर दोन मजले हवे होते. गाड्या रस्त्यावर उभ्या राहिल्या की हळदीच्या आणि गुळाच्या बैलगाड्या अडायच्या, भांडणं व्हायची. म्हणून बांधकामाची परवानगी मिळाली तीच या अटीवर, की एकही मोटार रस्त्यावर राहणार नाही. सहाच्या सहा आत गेल्या पाहिजेत.

मी पहिला नकाशा काढला तो नेहमीच्या रीतीने. बारा-बारा फुटांवर खांब, त्यांवर तुळया, वर दोन मजले. मालकांनी तो पाहिला आणि म्हणाले, "कागदावर सगळ्याच गाड्या वळत्यात, ओवरशेर. मैदानात चला."

नदीकडच्या मोकळ्या मैदानात आम्ही फक्कीनं इमारतीचा तळ आखला. खांबांच्या जागी बांबू रोवले. एका ड्रायव्हरनं गाडी आणली आणि पेठेतला रस्ता जेवढा अरुंद, तेवढ्याच पट्ट्यातून आत घालायला लागला. बाकीच्या बांबूंमधून ती नीट गेली. मधला बांबू मात्र तिच्या मागच्या अंगानं आडवा केला. पुन्हा रोवला, पुन्हा आडवा. मग मालक स्वतः चाकामागं बसले. त्यांनीही दोनदा पाडला.

मी म्हटलं, "जरा मागे-पुढे करून घेतली तर वळेल."

"आवं, गाडी काय म्हस हाय व्हय, अंग चोरून वळायला? रोज सहा गाड्या आत घालायच्या, सहा भाईर काढायच्या. त्यो मधला खांब काढा."

साहेबांना येऊन सांगितलं. ते म्हणाले, "खांब काढ, पण मग वरचा एक मजलाही काढ. गाड्या तरी कमी करा, नाहीतर मजले."

मालक दोन्हीतलं काही कमी करायला तयार नव्हते. आणि खरं सांगायचं तर मलाही ते करून दाखवायचं होतं. मधला खांब काढून तिथं चोवीस फुटांची एकच लांब तुळई टाकायची, असं मी मांडून पाहिलं. लोखंडावर नियंत्रण होतं, हवी तशी सळई मिळत नव्हती. मिरजेच्या एका भंगारवाल्याकडं रेल्वेचे जुने रूळ होते. त्यानं सांगितलेलं रुळाचं वजन मी पुस्तकातल्या कोष्टकाशी लावलं आणि आकडे जमले. तीन रूळ शेजारी-शेजारी ठेवून वरून काँक्रीट. साहेबांनी भिंग धरलं, दोन-तीन पानं उलटली, "जमतंय म्हणतोस?" एवढंच विचारलं आणि सही केली.

तळ आणि पहिला मजला उठला. गाड्या सरळ आत शिरू लागल्या. पेठेतले लोक उभे राहून पाहायचे. वरचा मजला बांधायचा बाकी होता, पण मालकांनी पहिला मजला लगेच भाड्यानं दिला. तिथं एका बाईंनी बायकांचा शिवणवर्ग काढला. दहा-अकरा जणी दुपारी दोन वाजता यायच्या. त्यांत माझी बायकोही होती. आपल्या नवऱ्यानं बांधलेल्या इमारतीत शिकायला जातो, याचं तिला कौतुक होतं.

वरच्या मजल्याच्या भिंती छातीभर आल्या तेव्हा पहिल्यांदा मला ती रेघ दिसली. शिवणवर्गाची मधली भिंत बरोबर त्या लांब तुळईवर उभी होती. तिच्या गिलाव्याला केसाएवढी तिरपी चीर गेली होती. नव्या गिलाव्याला अशा चिरा पडतातच. मी स्वतःला तसंच सांगितलं. तरी खाली जाऊन तुळईच्या दोन टोकांना दोरी ताणून धरली आणि मध्ये पट्टी लावली. तुळई जराशी खाली आली होती. तेवढी येणारच, असं माझं गणितही सांगत होतं.

चार दिवसांनी पुन्हा मोजलं. गणितात होतं त्याहून ती खाली आली होती.

तेव्हापासून माझं दुसऱ्या कशात लक्ष लागेना. रोज सकाळी गाड्या बाहेर पडल्या की मी जायचो, दोरी लावायचो. खळ करून कागदाच्या अरुंद पट्ट्या चिरेवर आडव्या चिकटवल्या आणि प्रत्येकीवर तारीख घातली. चीर वाढली तर कागद फाटणार. जेवताना घास तोंडाशी नेला की वाटायचं, आत्ता या क्षणी पट्टी फाटली असेल. रस्त्यात मोठा आवाज झाला, कुणी पत्र्याचं पिंप गडगडवलं, तरी मी उठून पेठेच्या दिशेनं पाहायचो. घरी आकडे पुन्हा पुन्हा मांडायचो. दर वेळी उत्तर बरोबर यायचं आणि दर सकाळी पट्टी वेगळंच सांगायची.

साहेबांना सांगायला मी दोनदा त्यांच्या दारापर्यंत गेलो. एकदा ते झोपले होते. दुसऱ्यांदा जागे होते, तरी मी कुठल्याशा जिन्याच्या मापाबद्दल बोलून परत आलो.

एक दिवस बायको वर्गावरून आली आणि म्हणाली, "अहो, भिंतीवरच्या त्या कागदाच्या पट्ट्या तुम्ही लावल्यात ना? अक्षर तुमचं आहे."

"हो. नवीन बांधकाम आहे, म्हणून पाहत असतो."

"त्यातली एक आज फाटलीय."

मी म्हटलं, "उद्यापासून वर्गाला जाऊ नकोस."

"का?"

"ऊन फार आहे. तुला सोसत नाही."

ती दोन दिवस गेली नाही. मला फार हलकं वाटलं, हे मी लपवत नाही. ती घरात आहे एवढ्यावर मी त्या दोन दुपारी नीट जेवलो. तिसऱ्या दिवशी ताट वाढताना तिनं विचारलं, "ती भिंत पडेल असं वाटतंय का तुम्हाला?"

खोटं बोलायला तोंड उघडलं, पण शब्द निघाले ते वेगळेच. "भिंत नाही. तिच्या खालची तुळई. पडेलच असं नाही. पण ती रोज थोडी खाली येतेय, आणि का येतेय ते मला कळत नाही."

"आणि म्हणून मला घरी ठेवलंत."

"हो."

"मग बाकीच्या दहा जणींचं काय? त्यांचे नवरे ओव्हरसियर नाहीत म्हणून त्यांनी जायचं?"

तिनं आवाज चढवला नव्हता. पदराला हात पुसले, कापडाची पिशवी खुंटीवरून काढली आणि चपला घातल्या.

"कुठं निघालीस?"

"वर्गाला. दोन वाजून गेले. मला काढायचं असेल तर सगळ्यांना काढा."

ती गेलीसुद्धा. मी अर्धं ताट टाकून उठलो. मग सायकल घेऊन पेठेकडं सुटलो. वाटेत तिला मागं टाकलं. थांबलो नाही आणि बोललोही नाही. जिना चढून वर गेलो तेव्हा मशिनींचा खडखडाट चालू होता. त्या आवाजानं फरशी तळपायाला हलत असल्यासारखी वाटत होती.

शिकवणाऱ्या बाईंना म्हटलं, "बाई, सगळ्यांना खाली न्या. आत्ता. मशिनी राहू द्या."

त्या मोठ्या धीराच्या. कारण विचारत बसल्या नाहीत. "चला गं, उठा," म्हणाल्या आणि बायका हातातली कापडं तशीच टाकून जिना उतरू लागल्या. खाली रस्त्यावर माझी बायको पोचली होती. ती त्यांना पलीकडच्या दुकानाच्या सावलीत नेऊन उभी करत होती.

गलका ऐकून मालक आले. "काय झालं? बायास्नी खाली कुणी काढलं?"

"मी. तुळई बसतेय. पंधरा दिवस मोजतोय मी."

"पंधरा दिस? आन् मला आज सांगतूस?" आजवर ते मला अहो-जाहो करत होते. मग त्यांनी वर पाहिलं आणि त्यांचा चेहरा बदलला. "वर गवंडी हाईत न्हवं?"

होते. सात माणसं आणि विटा-चुना वाहणाऱ्या चार बाया. त्या क्षणापर्यंत मला त्यांची आठवणच झाली नव्हती. वर्गातल्या बायकांची झाली तीही मला कुणीतरी करून दिली म्हणून. आणि ही अकरा माणसं रोज माझ्याच सांगण्यावरून त्या तुळईवर विटा चढवत होती.

मालक खालूनच ओरडले, "ए गड्यांनो, हाय तसं टाकून खाली या! लय घाई करू नगा, एकामागं एक या!" सगळे उतरेपर्यंत ते जिन्याच्या तोंडाशी उभे राहिले. मग आत उभ्या असलेल्या दोन गाड्या त्यांनी स्वतः चालवत बाहेर काढल्या. मी म्हटलं, ड्रायव्हरला सांगा. ते म्हणाले, "त्येला पोरंबाळं हाईत. तू जा, सुतार आन्."

संध्याकाळपर्यंत सुतारांनी तुळईखाली जाड लाकडांचे टेकू मारले. प्रत्येक पाचर ठोकली की मी दोरी लावून पाहत होतो. साहेबांना टांग्यातून आणलं. त्यांनी भिंतीची चीर डोळ्यांनी पाहिली नाही, अंगठ्याच्या नखानं चाचपली. माझे कागद मागितले आणि मला मोठ्यानं वाचायला लावले. शेवटपर्यंत ऐकून म्हणाले, "आकडे बरोबर आहेत. रूळ तोलून घेतलास?"

मी घेतला नव्हता. भंगारवाल्याच्या शब्दावर धरला होता.

कापून उरलेला रुळाचा एक तुकडा कोपऱ्यात पडला होता. पलीकडच्या अडतीत गुळाच्या ढेपा तोलायच्या काट्यावर तो टाकला, फूटपट्टीनं लांबी घेतली. कोष्टकात धरलेल्या वजनाच्या तो जेमतेम पाऊण भरला. झिजलेला, मुळात हलक्या जातीचा रूळ. वीस मिनिटांचं काम होतं ते. सहा महिन्यांपूर्वी करता आलं असतं.

साहेब मालकांना म्हणाले, "यात याची चूक आहे तेवढी माझीही आहे. न वाचता सही केली मी."

आम्ही दोघं निघालो तरी मालक टेकूंकडं पाहत उभे होते.

वरच्या मजल्याच्या भिंती विटेविटेनं उतरवल्या. मैदानात ज्या जागी बांबू आडवा व्हायचा, बरोबर त्याच जागी खाली खांब उभा केला. पाचच गाड्या आत मावू लागल्या आणि त्यासुद्धा मागं-पुढं करत. सहावीसाठी मालकांना गावाबाहेर पत्र्याची शेड टाकावी लागली. शिवणवर्ग पावसाळा संपल्यावर पुन्हा सुरू झाला. बायको पहिल्या दिवसापासून जायला लागली. मी तिला अडवलं नाही, पण ती परत येईपर्यंत माझं कामात मन नसायचं. तिनं त्या दुपारचा विषय पुन्हा कधी काढला नाही. मीच एकदा काढला, तर म्हणाली, "तुम्ही आलात ना? झालं मग."

ती तुळई खरंच पडली असती का, हे मला आजही सांगता येत नाही. कदाचित तशीच वाकून वर्षानुवर्षं राहिली असती.

पुढच्या वर्षी संस्थान विलीन झालं, आणि त्यानंतर वर्षभरात सर्व्हिस मोटारी सरकार ताब्यात घेणार अशी बोलणी सुरू झाली. मालकांनी आपणच आधी गाशा गुंडाळला आणि गाड्या विकल्या. त्या घटनेनंतर वर्षभर ते माझ्याशी बोलत नव्हते. नंतर बोलू लागले, पण कामापुरतं. गाड्या गेल्यावर त्यांनी मला बोलावून घेतलं. तळ रिकामा होता. भिंतींवर कोळशाच्या काजळीचे डाग तेवढे राहिले होते.

"गाड्याच न्हाईत आता," ते म्हणाले. "हवं तितकं खांब घाल. पर वरचा मजला चढीव. माझी तेवढी हौस हाय."

आता ते सोपं होतं. वळायला कुणी नव्हतं, बारा-बारा फुटांवर खांब घालून शाळेतल्या पोरानंही तो मजला उभा केला असता. मी तळात फिरलो, मापं घेतली, वही भरली. दोन दिवसांनी जाऊन त्यांना सांगितलं, की मला साताऱ्याला सरकारी बांधकामात नोकरी लागलीय, हे काम दुसऱ्या कुणाला द्या.

नोकरी लागली होती, ते खरं होतं. पण रुजू व्हायला अजून दोन महिने होते, आणि नकाशा काढायला मला आठवडाही लागला नसता. मालक म्हणाले, "जा बाबा. मापं तेवढी ठिऊन जा."

मी वही त्यांच्या हातात दिली. तो मजला पुढं दुसऱ्या कुणी बांधला. चांगला बांधला असं ऐकतो.